पोर्ट ऑफ स्पेन : घड्याळ पाहून फिरायचं शहर

पोर्ट ऑफ स्पेनला समुद्र आहे, पण पुळण नाही. पारियाच्या आखातावर धक्के आहेत, क्रेन आहेत, टोबॅगोला जाणारी फेरी आहे; पाण्यात पाय बुडवून बसायला मात्र डोंगर ओलांडून पलीकडे जावं लागतं. त्यामुळे ‘कॅरिबियन’ म्हणजे पांढरी वाळू आणि नारळाखालची खुर्ची एवढीच अपेक्षा असेल, तर बार्बाडोसला किंवा टोबॅगोला जावं. त्रिनिदाद आणि टोबॅगोची ही राजधानी तिच्या माणसांसाठी, खाण्यासाठी, वाद्यांसाठी, क्रिकेटसाठी आणि आसपासच्या रानासाठी पाहायची.

इथं प्रत्येक जागेची एक ठरावीक वेळ आहे. ती साधली तर शहर भरभरून देतं, चुकली तर बंद शटर आणि रिकामे रस्ते दिसतात. सुरक्षिततेचं गणितही बरंचसं याच वेळापत्रकात बसतं. म्हणून पुढची सगळी माहिती घड्याळाच्या हिशेबानं मांडली आहे. चार-पाच दिवस हाताशी असतील तर ती पुरून उरेल.

निघण्याआधी

सर्वांत आधी पीतज्वराची लस घ्या. त्रिनिदाद बेट पीतज्वराच्या जोखमीच्या यादीत आहे, आणि अशा देशातून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचं प्रमाणपत्र असावंच लागतं. ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीतल्या केंद्रावरच घ्यावी लागते, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. केंद्रावर नंबर लागायला वेळ जातो, म्हणून तिकिटं काढल्याबरोबर हे काम उरका. साठीच्या पुढचे प्रवासी, अंड्याची ॲलर्जी असणारे आणि गर्भवती स्त्रिया यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलत असतात, त्यामुळे दिल्लीतल्या त्रिनिदाद आणि टोबॅगो उच्चायुक्तालयाकडून खात्री करून घ्या. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. त्यांचे कागद छापून हातातल्या बॅगेत ठेवा.

खरी अडचण मधल्या थांब्याची असते. भारतातून थेट विमान नाही. न्यूयॉर्क किंवा मायामीमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. टोरांटो, लंडन किंवा युरोपातल्या दुसऱ्या विमानतळावरून जायचं असेल तर त्या त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम वेगळा. तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून आधी पैसे भरू नका. आधी मार्गावरच्या प्रत्येक देशाचा नियम पाहा. अमेरिकेचा चालू व्हिसा हाताशी असणाऱ्यांना आणि अमेरिका-कॅनडात मुला-नातवंडांकडे गेलेल्यांना हा प्रवास सर्वांत सोपा. न्यूयॉर्क, मायामी आणि टोरांटोहून कॅरिबियन एअरलाइन्सची विमानं सुटतात.

बारीकसारीक गोष्टी : वेळ भारताच्या साडेनऊ तास मागे. वीज ११५ व्होल्टची आणि सॉकेट अमेरिकन धाटणीचं, दोन चपट्या पिनांचं. मोबाइलचे चार्जर चालतात, भारतातला हेअर ड्रायर किंवा पाणी तापवायची किटली चालत नाही. डासांचं मलम भरपूर न्या, डेंग्यू तिथंही आहे. आणि लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे बॅगेत टाकू नका. त्या देशात सामान्य नागरिकानं असे कपडे घालणं हा गुन्हा आहे. लहान मुलाची चड्डी किंवा टोपीही त्यातून सुटत नाही.

कोणत्या महिन्यात

जानेवारी ते मे कोरडा हंगाम, जून ते डिसेंबर पाऊस. बेट विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम साडेदहा अंशांवर असल्यानं उकाडा बारमाही. कॅरिबियन समुद्रातली बहुतेक चक्रीवादळं याच्या उत्तरेकडून जातात, पण जोराची सर आली की शहराच्या सखल भागात पाणी तुंबतं.

कार्निव्हल पाहायचा तर ॲश वेन्सडेच्या (ईस्टरपूर्व उपवास सुरू होतो त्या बुधवारच्या) आधीचे सोमवार-मंगळवार धरा. २०२७ साली ते ८ आणि ९ फेब्रुवारीला येतात. सोमवारी पहाटे अंधारात ‘जूव्हे’ सुरू होतो, चिखल आणि रंग फासून लोक रस्त्यावर नाचतात. मंगळवारी पूर्ण वेषभूषेतली पथकं निघतात. या आठवड्यात हॉटेलांचे दर कित्येक पट होतात आणि ‘इतक्या रात्री राहायलाच हवं’ अशी अट असते. खोली सहा-आठ महिने आधी धरावी लागते. मंगळवारी वेष घालून नाचायचं असेल तर एखाद्या ‘मास बँड’कडे आधी नाव नोंदवून पोशाखाचे पैसे भरावे लागतात, नुसतं पाहायचं असेल तर क्वीन्स पार्क सव्हाना या मैदानातल्या प्रेक्षागाराचं तिकीट पुरे.

गर्दी नको असेल पण वातावरण हवं असेल, तर कार्निव्हलच्या दोन-तीन आठवडे आधी जा. स्टीलपॅनची पथकं तेव्हा रोज रात्री तालमी करत असतात. दिवाळीचा काळही उत्तम. त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी असते, आणि त्याआधी चागुआनस गावाजवळ ‘दिवाळी नगर’ नावाचा मोठा मेळा भरतो. ३० मे रोजी ‘इंडियन अरायव्हल डे’ची सुट्टी. १८४५ साली याच तारखेला ‘फतेल रझाक’ हे जहाज पहिल्या गिरमिटिया मजुरांना घेऊन बंदरात आलं होतं.

राहायचं कुठे, जायचं कसं

पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. बाहेर अधिकृत टॅक्सीवाल्यांचा कक्ष आणि दरपत्रक असतं. गाडीत बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते टीटी (त्रिनिदाद आणि टोबॅगोच्या) डॉलरमध्ये की अमेरिकन डॉलरमध्ये हे स्पष्ट विचारा. एरवी अर्ध्या तासाचा हा रस्ता सकाळी शहराकडे येताना आणि संध्याकाळी शहराबाहेर जाताना तासाभराच्या वर जातो. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर हे लक्षात ठेवा.

मुक्कामाला वुडब्रूक, सेंट क्लेअर, न्यूटाउन, सेंट ॲन्स किंवा मराव्हाल हे भाग पाहा. वुडब्रूकमध्ये गेस्ट हाउस बरीच आहेत आणि खाण्याच्या जागा पायाखाली. सव्हानाच्या वरच्या टेकडीवरचं हिल्टन हॉटेल मौजेचं आहे. स्वागतकक्ष सर्वांत वर आणि खोल्यांचे मजले उताराखाली उतरत गेलेले, म्हणून त्याला ‘उलटं हिल्टन’ म्हणतात.

शहरात फिरायला मॅक्सी-टॅक्सी ही पांढरी मिनीबस स्वस्त पडते. तिच्या अंगावरचा पट्टा दिशा सांगतो : पिवळा शहर आणि पश्चिमेकडचा, लाल पूर्वेकडचा, हिरवा दक्षिणेकडचा. ठरावीक मार्गावर शेअरनं चालणाऱ्या मोटारीही आहेत. नंबरप्लेट ‘एच’नं सुरू होत असेल तरच बसा, ‘पी’ म्हणजे खासगी गाडी, तिला भाडं घ्यायचा परवाना नाही. अंधार पडल्यावर मात्र हॉटेलनं बोलावून दिलेली किंवा ओळखीची टॅक्सीच घ्यावी. वाहनं भारताप्रमाणेच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ होत नाही.

सकाळी सात : डबल्स

दिवसाची सुरुवात हॉटेलच्या टोस्ट-ऑम्लेटनं करू नका. कोपऱ्यावर छत्री उभारलेल्या गाडीभोवती पाच-दहा माणसं दिसली की तिथं जा. गाडीवर झाकणाच्या पेटीत कापडाखाली मऊ, पिवळसर ‘बारा’ रचलेले असतात. बारा म्हणजे हळद घातलेल्या मैद्याची तळलेली छोटी चकती. विक्रेता कागदाच्या तुकड्यावर दोन बारा एकमेकांवर अर्धवट चढवून टाकतो, वर रस्सेदार हरभऱ्याचा एक डाव, त्यावर काकडी, चिंचेची चटणी, मिरचीचा सॉस. मग कागदाची टोकं पिळून पुडी हातात. हे सगळं पाच-सहा सेकंदांत उरकतं. तेवढ्यात तो तुमच्याकडे न पाहताच तिखटाचं प्रमाण विचारतो. ‘स्लाइट’ म्हणा. आपण तिखट खाणारे, ही ऐट इथं नको; मोरुगा स्कॉर्पियन ही जगातल्या जहाल मिरच्यांमधली एक जात याच बेटावरची आहे.

खायचं उभ्यानंच. पुडी उघडून तळहातावर धरायची, वरच्या बाऱ्याचा तुकडा तोडायचा आणि त्यानं चणे उचलायचे. मुंबईत वडापावचं जे स्थान, तेच इथं डबल्सचं : साहेब आणि हमाल एकाच रांगेत. प्रिन्सेस टाउन गावातल्या डीन कुटुंबानं १९३६च्या सुमारास हा पदार्थ विकायला सुरुवात केली, असं मानलं जातं. पैसे खाऊन झाल्यावर द्यायचे, किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं, आणि सुटे टीटी डॉलर जवळ ठेवायचे. दहा वाजेपर्यंत चांगल्या गाड्यांवरचा माल संपत आलेला असतो.

सकाळी आठ : सव्हाना आणि सात वाडे

तिथून क्वीन्स पार्क सव्हानाकडे चला. सुमारे २६० एकरांचं हे मैदान, भोवती साडेतीन किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता आणि त्यावर एकाच दिशेनं फिरणारी वाहतूक. पश्चिम कडेला मराव्हाल रोडवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या सात इमारती ओळीनं उभ्या आहेत. त्यांना ‘मॅग्निफिसंट सेव्हन’ म्हणतात. त्यांची तोंडं पूर्वेला आहेत, म्हणून फोटो काढायचे तर सकाळी. दुपारनंतर दर्शनी भाग सावलीत जातो.

दक्षिण टोकाला घड्याळाच्या मनोऱ्याचं क्वीन्स रॉयल कॉलेज. ही शाळा नीट पाहा. सी. एल. आर. जेम्स, देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स आणि व्ही. एस. नायपॉल हे तिघंही इथले विद्यार्थी. उत्तर टोकाला स्कॉटिश किल्ल्याच्या धाटणीचा स्टॉलमायर कॅसल. मधल्या पाचांत लोखंडी जाळीकामाचे सज्जे, आर्चबिशपांचं निवासस्थान आणि एके काळी पंतप्रधानांचं कार्यालय असलेला व्हाइटहॉल. काही इमारती बाहेरूनच पाहता येतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, गंमत बाहेरच्या कोरीवकामातच आहे.

उत्तरेला लागूनच रॉयल बोटॅनिक गार्डन आहे, १८१८ साली उभी राहिलेली. शेजारी एम्परर व्हॅली प्राणिसंग्रहालय. मुलं बरोबर असतील तर दोन तास सहज जातात.

दहा ते तीन : जुनं शहर

बंदराजवळचा जुना भाग कामाच्या दिवशी, कामाच्या वेळातच पाहायचा. शनिवारी दुपारी दुकानं मिटू लागतात आणि रविवारी तिथं जाण्यात अर्थ नाही. वुडफर्ड स्क्वेअरपासून सुरुवात करा. १९५५पासून एरिक विल्यम्स यांनी या चौकात लोकांसमोर इतिहास आणि राजकारणावर व्याख्यानं दिली, आणि त्याला ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ असं नाव पडलं. आजही बाकांवर राजकारणाची खडाजंगी चाललेली असते; कडेला बसून ऐकायला कोणी ना म्हणत नाही.

समोरची लाल इमारत म्हणजे रेड हाउस, देशाची संसद. १९०३ साली पाण्याच्या दरांवरून उसळलेल्या दंगलीत ती जळाली आणि पुन्हा बांधली गेली. जुलै १९९०मध्ये सशस्त्र बंडखोरांनी इथंच पंतप्रधानांसह खासदारांना ओलीस धरलं होतं. दीर्घ दुरुस्तीनंतर २०२०च्या जानेवारीत संसद पुन्हा इथं आली.

मग फ्रेडरिक स्ट्रीटनं कापडाची आणि चपलांची दुकानं पाहत वर चालत या. तिच्या वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथं मिशेल-जां काझाबों या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकाराची निसर्गचित्रं जरूर पाहा. मात्र आधी फोन करून उघडं असल्याची खात्री करा. तीनच्या सुमारास कार्यालयं सुटायला लागली की तुम्हीही या भागातून बाहेर पडा.

ओव्हल

मराठी क्रिकेटवेड्याला ट्रॅगरेट रोडवरचं क्वीन्स पार्क ओव्हल चुकवून चालणार नाही. मार्च १९७१मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं इथं वेस्ट इंडीजला हरवलं, कसोटीतला त्यांच्यावरचा आपला पहिला विजय. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्यात ११२ धावा केल्या आणि एकवीस वर्षांच्या सुनील गावसकरांनी पदार्पणात ६५ आणि नाबाद ६७. त्याच मालिकेची शेवटची कसोटीही इथंच झाली. गावसकरांनी १२४ आणि २२० धावा काढल्या, आणि लॉर्ड रिलेटर या गायकानं त्यांच्यावर कॅलिप्सो रचला. १९७६मध्ये चौथ्या डावात ४०३ धावांचं लक्ष्य भारतानं इथंच चार गडी गमावून गाठलं. २००२मध्ये सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली तीही याच मैदानावर. आणि २००७च्या विश्वचषकात बांगलादेशाकडून खाल्लेला मारही इथलाच.

सामना नसेल तर मुख्य दारावरच्या रखवालदाराला आत डोकावू देण्याची विनंती करा. क्लबचं क्रिकेट संग्रहालय पाहायचं तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. गोलंदाजाच्या पाठीमागे हिरवे डोंगर दिसतील अशी जागा स्टँडमध्ये शोधा. मैदानाचा रुबाब तिथूनच कळतो.

एक पूर्ण दिवस दक्षिणेला

यासाठी दिवसभराची टॅक्सी ठरवा आणि क्रम असाच ठेवा, कारण शेवटचा थांबा सूर्यास्ताला बांधलेला आहे.

सकाळी कारापिचैमा. तिथल्या दत्तात्रेय केंद्रात ८५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. अंगभर कपडे हवेत, चपला बाहेर. जवळच वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. सिवदास साधू या ऊसमळ्यातल्या मजुरानं १९४७च्या सुमारास किनाऱ्यावर मंदिर बांधलं. जमीन साखर कंपनीची होती, म्हणून ते पाडून टाकण्यात आलं. ‘जमिनीवर जागा नाही तर समुद्रात बांधतो,’ या जिद्दीनं तो सायकलवरून दगड-सिमेंट नेत वर्षानुवर्षं पाण्यात भर घालत राहिला. आजची वास्तू १९९५ साली नव्यानं उभारलेली आहे आणि तिथवर बांधीव वाट जाते. ओहोटीला भोवती नुसता चिखल दिसतो, भरतीची वेळ पाहून गेलात तर देऊळ खरोखर पाण्यात दिसतं. शेजारीच स्मशानघाट आहे, तेव्हा कॅमेरा आणि आवाज दोन्ही बेतानं.

दुपारी चागुआनसमध्ये जेवा आणि मुख्य रस्त्यावरचं ‘लायन हाउस’ बाहेरून पाहा. नायपॉल यांच्या आजोळचं हे घर. ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ वाचलेल्यांना त्यातलं हनुमान हाउस इथं ओळखू येईल.

साडेतीनला निघून चारच्या आत कॅरोनीच्या धक्क्यावर पोहोचा. इथून सपाट तळाच्या होड्या खारफुटीत शिरतात. फेरी दोन-अडीच तासांची, आरक्षण आदल्या दिवशी करावं. स्वच्छतागृह आधी उरका, मध्ये सोय नाही. खाडीच्या अरुंद फाट्यांतून जाताना नावाडी फांदीवर वेटोळं घालून झोपलेला बोआ साप दाखवतो. तो दाखवेपर्यंत तुम्हाला दिसत नाही. मग होडी उघड्या पाण्यात येऊन खुंटाला बांधली जाते आणि वाट पाहणं सुरू होतं.

पहिल्यांदा तीन-चार लाल ठिपके येतात. हे स्कार्लेट आयबिस, त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. मग दहा-वीसांचे थवे, आणि उजेड पिवळा होईपर्यंत समोरच्या बेटावरची हिरवी झाडं लालेलाल होऊन जातात. हा रंग त्यांच्या खाण्यातल्या खेकड्या-कोळंबीतून येतो, म्हणून कोवळी पिल्लं तपकिरी दिसतात. होड्यांना पक्ष्यांच्या जवळ जाऊ देत नाहीत, आणि तेच योग्य आहे. दुर्बीण न नेणाऱ्याला मात्र लाल ठिपक्यांवर समाधान मानावं लागतं. मोबाइलच्या फोटोत काही येत नाही.

समुद्राचा दिवस

पोहायचं असेल तर मराकास. नॉर्थ कोस्ट रोडच्या घाटानं पाऊण-एक तास लागतो. वाटेत उंचावरच्या थांब्यावर ‘चाऊ’ विकतात : अननस किंवा कैरीच्या फोडी, मीठ, लसूण, मिरची आणि शॅडो बेनी नावाची लांब पानांची उग्र कोथिंबीर. किनाऱ्यावर ‘बेक अँड शार्क’ प्रसिद्ध आहे. बेक म्हणजे तळलेली जाड पुरी, आत तळलेला मासा. शार्क नको असेल तर किंगफिश मागा. लाटा जोरदार असतात. जीवरक्षकांनी लावलेल्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरा. शनिवार-रविवार टाळा, आणि उन्हं उतरायच्या आत परतीला लागा, कारण घाटात दिवे नाहीत.

संध्याकाळ आणि रात्र

पाचच्या पुढे सव्हानाच्या कडेनं चालणाऱ्यांची, पळणाऱ्यांची रीघ लागते. शहाळी, भाजलेली कणसं आणि खाण्याचे ठेले लागतात. गर्दी असलेल्या कडेनं फिरा, अंधारात मैदानाच्या मधून जाऊ नका. वर्षभर सूर्य पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, एवढं ध्यानात ठेवलं की बेत आखणं सोपं जातं.

नंतर वुडब्रूकमधला आरिपिटा ॲव्हेन्यू, नाहीतर सेंट जेम्स. सेंट जेम्स ही पूर्वीची ऊसमळ्याची जमीन, वस्ती गिरमिटियांची. रस्त्यांच्या पाट्या वाचत चला : बॉम्बे स्ट्रीट, मद्रास स्ट्रीट, कलकत्ता, दिल्ली, लखनौ. नेपॉल स्ट्रीटवर नायपॉल यांच्या वडिलांचं घर आहे. मोहरममध्ये इथं ‘होसे’ निघतो. बांबू आणि कागदाचे उंच ताबूत, तास्याच्या गजरात, आणि ओढणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक. तो सोहळा पाहताना हातात दारू आणि अंगात नाच नको. यजमानांना ते रुचत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत असाल तर रात्री आठनंतर एखादं पॅनयार्ड, म्हणजे स्टीलपॅन पथकाचं तालमीचं आवार गाठा. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, वुडब्रूकमध्ये फेज टू. तेलाच्या पिंपांपासून घडवलेलं स्टीलपॅन हे वाद्य याच शहराच्या गरीब वस्त्यांत जन्मलं. तालमीत शंभरभर वादक एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटतात आणि तुम्ही पाच फुटांवर उभे असता. मध्येच थांबवून फोटो मागू नका, बारवर काहीतरी विकत घ्या. पथकाला तेवढीच मदत. जाण्या-येण्याची टॅक्सी मात्र आधीच ठरवून ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी

उपाशी राहण्याची वेळ येत नाही. रोटी शॉपमध्ये दालपुरीत किंवा ‘बस अप शट’ या कुस्करलेल्या पराठ्याबरोबर चणा-आलू, भोपळा, भाजी, कैरीची आमटी मिळते. न्याहारीला सादा रोटी आणि वांग्याचा किंवा टोमॅटोचा ‘चोका’. फुलौरी, सहिना, आलू पाय हे तळण रस्त्यावर कुठेही. सावध राहायचं ते दोन ठिकाणी : कलालू या पालेभाजीच्या घट्ट रश्श्यात बऱ्याचदा खेकडा किंवा खारवलेलं मांस असतं, आणि मॅकरोनी पायमध्ये अंडं. तहानेला ‘एलएलबी’ मागा. लिंबू, सोडा आणि याच शहरातल्या कारखान्यात होणारे अँगोस्ट्युरा बिटर्स. बिटर्समध्ये मद्यार्क असतो, वर्ज्य असेल तर त्याविना सांगा.

बोलणं-वागणं

दुकानात, टॅक्सीत, दवाखान्यात शिरताना आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’. संध्याकाळनंतर भेटतानाही ‘गुड नाइट’ म्हणतात, तो निरोप नव्हे. अभिवादन न करता थेट किंमत विचारणारा उद्धट ठरतो.

देशातली तिसऱ्या हिश्शाहून जास्त वस्ती भारतीय वंशाची आहे, त्यामुळे तुम्हाला लोक स्थानिकच समजतील. तुम्ही मात्र लगेच हिंदी सुरू करू नका. त्यांची भाषा इंग्रजी आणि तिची त्रिनिदादी बोली. पूर्वज मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे, आणि ती भाषा आता गाण्यांत आणि पदार्थांच्या नावांत उरली आहे. ‘मूळ गाव कोणतं’, ‘जात कोणती’ हे प्रश्न टाळा. महाराज किंवा पर्साद आडनावाचा माणूस स्वतःला आधी ‘ट्रिनी’ म्हणवतो, आणि त्याच्या क्रिकेटगप्पांत पाठिंबा वेस्ट इंडीजला असतो की भारताला, हे त्यालाच ठरवू द्या.

सुरक्षितता

हा विषय टाळून चालणार नाही. टोळ्यांमधली हिंसा वाढल्यानं ३० डिसेंबर २०२४ रोजी आणि पुन्हा जुलै २०२५मध्ये सरकारनं आणीबाणी जाहीर केली होती. व्हेनेझुएलाचा किनारा समोरच असल्यानं तिकडच्या तणावाचे पडसादही उमटतात. तिकीट काढण्याआधी आणि निघण्याच्या आठवड्यात ताज्या सूचना वाचा, आणि व्हिक्टोरिया ॲव्हेन्यूवरच्या भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक फोनमध्ये ठेवा.

शहराच्या पूर्वेकडचे लॅव्हेंटिल, बीथम, सी लॉट्स हे भाग एकट्यानं पाहायचे नाहीत. अंधारानंतर बंदराजवळचा भाग, फोर्ट जॉर्जची टेकडी आणि सगळे किनारे वर्ज्य. सोन्याची साखळी आणि मंगळसूत्र घरी ठेवा. एटीएम मॉलच्या किंवा बँकेच्या आतलं वापरा. पोलिस ९९९, रुग्णवाहिका ८११, अग्निशमन ९९०.

पैसे आणि परतीचं सामान

रुपये तिथं कोणी बदलून देत नाही, अमेरिकन डॉलर न्या. एका डॉलरला पावणेसातच्या आसपास टीटी डॉलर मिळतात. लागतील तसे थोडे थोडेच बदला. देशात परकीय चलनाची टंचाई आहे, त्यामुळे उरलेले टीटी डॉलर परत बदलून मिळणं कठीण, आणि देशाबाहेर त्यांना कोणी विचारत नाही. शेवटच्या दिवशी ते त्रिनिटारिओ कोकोच्या चॉकलेटवर, बिटर्सच्या बाटलीवर आणि मिरचीच्या सॉसवर संपवा. बाटल्या मोठ्या सामानात, जाड प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून; कपड्यांत सांडलेला तो सॉस एका धुण्यात जात नाही.